स्तनाच्या ऑपरेशननंतर हाताला सूज येऊ नये म्हणून: हात जपायचा, पण वापरत राहायचा

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात एकच धावपळ सुरू होते. फाइल, इन्शुरन्स, रक्ताची सोय, कुठल्या रात्री हॉस्पिटलमध्ये कोण थांबणार. या गडबडीत दहा मिनिटांचं एक काम राहून जातं: दोन्ही हात टेपने मोजून वहीत लिहून ठेवणं. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका कळवा, ऐरोलीपासून पार खारघर, पनवेलहून येतात. हात पुढे करून विचारतात, "मॅडम, हा आधीपासूनच एवढा जाड होता का हो?" आता मला कसं माहीत असणार? माप हातात असेल तर सूज डोळ्यांना दिसण्याआधी पकडता येते, आणि तेव्हा पकडलेली सूज पुष्कळदा पूर्ण उतरते.

सूज येते कशाने

रक्तवाहिन्यांशिवाय शरीरात आणखी एक बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. पेशींच्या आजूबाजूला साचलेलं जास्तीचं पाणी, प्रथिनं आणि जंतू उचलून हे जाळं ते सगळं लसिका ग्रंथींतून गाळतं आणि मानेच्या बुडाशी पुन्हा रक्तात सोडतं. या जाळ्यातून वाहणाऱ्या द्रवाला लसिका म्हणतात. हाताचा हा निचरा मुख्यतः काखेतल्या ग्रंथींतून होतो, ज्यांना आपण सरसकट काखेतल्या गाठी म्हणतो. कॅन्सर तिथे पोचला आहे का हे बघायला किंवा पोचला असेल तर काढायला सर्जन त्या गाठी काढतात. पुढे काखेला किंवा गळ्याच्या हाडाच्या वर रेडिएशन दिलं तर उरलेल्या वाहिन्याही आखडतात. आपल्याकडच्या नाल्यासारखंच आहे हे: पात्र अरुंद झालं तरी एरवी पाणी जातं, मोठी सर आली की तुंबतं. हाताच्या बाबतीत मोठी सर म्हणजे जंतुसंसर्ग, भाजणं, किंवा सवय नसताना एकदम केलेलं जड काम. अशा तुंबण्याने येणाऱ्या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. शेजारपाजारच्या बायका याला हत्तीरोग ठरवून मोकळ्या होतात. तो डासांमुळे शिरणाऱ्या जंतांनी होतो, त्याचा इथे संबंध नाही.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. काखेतल्या गाठी मोठ्या प्रमाणात काढल्या असतील तर साधारण पाचातल्या एकीला सूज येते. फक्त सेंटिनल, म्हणजे कॅन्सर पसरला तर सगळ्यांत आधी जिथे पोचतो त्या पहारेकरी गाठी तपासायला काढल्या असतील तर सुमारे विसातली एक. त्यावर रेडिएशन, वजन जास्त असणं आणि हाताला वारंवार इन्फेक्शन होणं यांची भर पडते. बहुतेकींना सूज येते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, पण दहा वर्षांनीही येऊ शकते. म्हणून डिस्चार्जच्या आधी सर्जनला तीन प्रश्न विचाराच: काखेतल्या किती गाठी काढल्या, सेंटिनल केलं की पूर्ण काख साफ केली, आणि रेडिएशन काखेला किंवा गळ्याच्या हाडाजवळ द्यायचं आहे का. उत्तरं फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. पाच वर्षांनी दुसऱ्याच डॉक्टरसमोर बसाल तेव्हा "काहीतरी गाठी काढल्या होत्या" एवढंच सांगून भागत नाही.

हात कसा मोजायचा

शिंप्याकडची साधी टेप चालते, फक्त वापरून ताणलेली नको. टेबलाजवळ बसा, हात टेबलावर सरळ ठेवा, तळवा खाली. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तिथे शून्य धरा. तिथून खांद्याच्या दिशेने 10, 20, 30 आणि 40 सेंटीमीटरवर बॉलपेनने बारीक खुणा करा. उंची कमी असेल तर 40 ची खूण काखेत जाते, मग 35 वर थांबा. आता शून्यापासून प्रत्येक खुणेवर हाताचा घेर घ्या, शिवाय अंगठा सोडून तळव्याचा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही हात मोजायचे, ऑपरेशन एकाच बाजूचं असलं तरी. शेजारी तारीख, वेळ आणि वजन लिहा.

मापं घेणारी व्यक्ती दर वेळी तीच असावी. सुनेने एकदा, नवऱ्याने एकदा असं केलं की अर्धा-पाऊण सेंटीमीटर माणसामुळेच बदलतो. वेळही तीच ठेवा, कारण दिवसभर काम केलेला हात संध्याकाळी थोडा भरलेला असतो.

ऑपरेशननंतर जखम भरली की पुन्हा मापं घ्या, मग पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा, पुढची दोन-तीन वर्षं तीन महिन्यांनी एकदा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच अर्धा ते एक सेंटीमीटर जाड असू शकतो, त्याने घाबरू नका. बघायचा असतो तो बदल. डॉक्टर सहसा दोन हातांमध्ये 2 सेंटीमीटरचा फरक म्हणजे सूज असं धरतात. पण तुमच्या स्वतःच्या जुन्या मापापेक्षा एखाद्या खुणेवर एक सेंटीमीटर वाढला आणि दुसरा हात तेवढाच राहिला, तर दोनची वाट बघत बसू नका. दोन्ही हात सारखे वाढले असतील तर आधी वजनाचा काटा बघा. डोसिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असताना अंगावरच पाणी चढू शकतं, तेव्हाही दोन्ही हात आणि पाय भरतात. ते ऑन्कॉलॉजिस्टला सांगायचं.

पहिले काही आठवडे

ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी असेपर्यंत साधारण नियम असा: हात खांद्याच्या उंचीपर्यंत, त्याच्या वर नाही. पण नळी आहे म्हणून हात छातीशी बांधल्यासारखा धरून बसणं वाईट. दुसऱ्या दिवसापासून मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं-सरळ करणं, खांदे कानाकडे उचलून सोडणं, प्रत्येकी दहा-पंधरा वेळा, दिवसातून चार-पाचदा. पडलेल्या असताना हात उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा थोडा वर. सोबत पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायचा. लसिकेची मोठी नळी छातीतूनच जाते आणि खोल श्वासाने तिला ओढ मिळते, म्हणून हे देवापुढे बसून करायचं प्राणायामाचं काम इथे खरंच उपयोगाचं आहे. त्याच बाजूच्या हाताने केस विंचरा, चहाचा कप उचला. फ्लॅप, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातली कातडी-चरबी घेऊन स्तनाची पुनर्रचना केली असेल तर हे वेळापत्रक बदलतं, प्लास्टिक सर्जन सांगतील तसंच करा.

नळी निघाली आणि सर्जनने हो म्हटलं की भिंत चढायची. भिंतीकडे तोंड करून उभं राहा, बोटांनी मुंगीसारखं वर सरकत जा, ओढ लागेल तिथे थांबून पाच-सहा श्वास घ्या. पोचलात तिथे पेन्सिलीने रेघ मारा. घरमालक ओरडला तर ओरडू दे! मग उताणं पडून झाडूचा दांडा दोन्ही हातांत धरून डोक्याकडे न्यायचा, चांगल्या हाताने दुसऱ्याला मदत करायची. ओढ वाटणं ठीक, जखमेत चमक निघाली तर थोडं मागे या.

एवढा खटाटोप कशासाठी, तर दोन कारणं आहेत. एक म्हणजे रेडिएशनला हात डोक्याच्या वर घेऊन स्थिर पडून राहावं लागतं. खांदा आखडलेला असेल तर प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनलाच गाडी अडते, उपचार लांबतात. दुसरं, 2010 मध्ये स्पेनमधला एक अभ्यास बीएमजे या नियतकालिकात आला होता. ऑपरेशननंतर लगेच फिजिओथेरपी सुरू केलेल्या बायकांत वर्षभरात 7 टक्क्यांना सूज आली, नुसती माहिती दिलेल्यांत 25 टक्क्यांना. अभ्यास 120 बायकांचाच होता, पण दिशा स्पष्ट आहे.

मधल्या काळात काखेतून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली दोरी ताणल्यासारखं जाणवू लागलं तर दचकू नका. हे बऱ्याच जणींना होतं, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. हात वर केला की दोरी दिसते, बोटाला लागते. ती सावकाश ताण देऊन सुटते. घरी कुणाकडून अंगठ्याने रगडून तोडून घेऊ नका. फिजिओला दाखवा आणि व्यायाम बंद करू नका, कारण बंद केला की खांदा बसतो. जखमेखाली पाणी साचून फुगवटा आला तर मात्र तो सर्जनला दाखवायचा. हातावर थोडी सूज ऑपरेशनच्या पहिल्या काही आठवड्यांत येऊन आपोआप ओसरते, तिला लगेच लिम्फेडेमा म्हणत नाहीत.

कातडी सांभाळायची, हा सगळ्यात मोठा भाग

या हातात जंतू शिरले तर त्यांना गाळणारी चाळणी आता कमी आहे. साध्या ओरखड्याचा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीत पसरणारं इन्फेक्शन होतं, प्रत्येक सेल्युलायटिस उरलेल्या वाहिन्या खराब करतो, आणि त्याने पुढच्या सुजेला वाट मिळते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांचं स्वयंपाकघर मी अगदी खोदून खोदून विचारते.

मासळी घ्या. कोळंबीच्या डोक्यावरचं काटेरी टोक, शिंगाळ्याचा काटा, खेकड्याची नांगी. यातली टोचणी दुसऱ्या दिवशी लाल होऊन फुगते. मासे कोळणीकडूनच साफ करून घ्या, दहा-वीस रुपये जास्त घेईल. घरीच करायचे असतील तर जाड रबरी हातमोजे. विळीवर नारळ खवताना, भांडी घासताना, कुंडीतल्या गुलाबाची छाटणी करताना तेच. तव्याची कड आणि कुकरची वाफ याबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण काख साफ करताना दंडाच्या आतल्या बाजूची नस दुखावते आणि तिथे बधिरपणा राहतो. भाजलेलं कळतच नाही! याच कारणाने त्या भागावर शेकाची पिशवी कधीही ठेवू नका, खांदा कितीही दुखला तरी.

खाडीकाठच्या वस्तीत डास काही सुटत नाहीत. संध्याकाळी सैल पूर्ण बाह्या घाला, ओडोमॉस लावा. चावलाच तर नखाने खाजवू नका, थंड पाण्याची पट्टी ठेवा. रोज आंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा. कोरडी कातडी तडकते आणि जंतूंना दार उघडतं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात, काखेत ओल राहून बुरशी होते, तिथे नीट पुसून कोरडं करा. काखेतले केस ब्लेडने किंवा वॅक्सने काढू नका, ट्रिमर वापरा. नखांजवळची कातडी दाताने ओढू नका. डायबेटिस असेल तर शुगर तपासायला टोचायचं बोट दुसऱ्या हाताचं.

कापलंच, तर साबण-पाण्याने धुवा, जंतुनाशक मलम लावा, झाका आणि दोन दिवस लक्ष ठेवा. हात लाल झाला, गरम लागतोय, लाली पसरतेय, थंडी वाजून ताप येतोय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रविवार असो, दिवाळी असो. अँटिबायोटिक लवकर सुरू झालं की बहुतेक वेळा गोळ्यांवर भागतं, उशीर झाला तर भरती व्हावं लागतं. इन्फेक्शन असताना हाताला मसाज, पंप, पट्टी सगळं बंद, डॉक्टर परत सुरू करा म्हणेपर्यंत.

वजन उचलायचं की नाही

डिस्चार्जच्या कागदावर अजूनही काही ठिकाणी "या हाताने जड वस्तू उचलू नये" असं लिहिलेलं असतं, पुढे किती दिवस ते नाही. बायका ते आयुष्यभरासाठी धरतात. मग वर्षानुवर्षं तो हात मांडीवर. खांदा आखडतो, स्नायू सुकतात, आणि एक दिवस पाहुणे आले म्हणून पाण्याने भरलेली घमेली उचलली की दुसऱ्या दिवशी हात भरतो. दोष घमेल्याला मिळतो.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात झालेल्या पॅल नावाच्या चाचणीने हा प्रश्न बऱ्यापैकी मिटवला. 2009 मध्ये आधीच सूज असलेल्या आणि 2010 मध्ये सूज नसलेल्या बायकांचे निकाल आले. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केल्याने सूज वाढली नाही. पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांत तर व्यायाम करणाऱ्यांपैकी 7 टक्क्यांना सूज आली, न करणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांना. स्नायू आकसतात-सैलावतात तेव्हा लसिका पुढे ढकलली जायला मदत होते, तिला हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही.

सुरुवात डॉक्टरांच्या परवानगीने, साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर. अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो, जिमला जायची गरज नाही. कोपर वाकवणं, हात बाजूला खांद्यापर्यंत उचलणं, पुढे उचलणं, प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये सुट्टी ठेवून. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला नाही, अंगठी घट्ट झाली नाही, तर पुढच्या आठवड्यात दोन-तीन वेळा जास्त. वजन वाढवायचं ते पंधरा दिवसांनी, थोडंसं. चार-सहा आठवडे खंड पडला असेल तर पुन्हा बाटलीपासून. जांभळी नाक्यावरून भाजी आणताना पिशव्या दोन्ही हातांत विभागा, हात बदलत चला. खांद्यावरच्या पर्सचा आणि ब्राचा पट्टा बारीक असेल तर तो त्या बाजूला रुततो, रुंद पट्टा घ्या. लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत वरची कडी धरून लोंबकळणं पहिले तीन-चार महिने टाळा. पुढे खांदा मोकळा झाला की धरायला हरकत नाही.

चालणं रोजचंच. तलावपाळीला तीन फेऱ्या, नेरुळच्या ज्वेलला, खारघरच्या सेंट्रल पार्कला, जिथे जवळ पडेल तिथे. वजन उतरणं किंवा निदान न वाढणं, याचा हाताच्या सुजेशी थेट संबंध आहे. केमो आणि हार्मोनच्या गोळ्यांच्या काळात पाच-सात किलो चढतात, आणि "आजारी माणूस आहे, खाऊ दे" म्हणत घरचे शिरा पुढे करतात. इथे घरच्यांनाच समजवावं लागतं.

घाबरायचं कशाला नाही

त्या हातावर बीपी घेतला, रक्त काढलं की सूज येणार, ही भीती सगळ्यात खोलवर बसलेली आहे. 2016 मध्ये बोस्टनमधला सहाशेहून जास्त बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीपी, रक्त काढणं, इंजेक्शन, विमानप्रवास यांचा हाताच्या वाढीशी संबंध दिसला नाही. दिसला तो पूर्ण काख साफ करण्याशी, रेडिएशनशी, वजनाशी आणि इन्फेक्शनशी. माझं मत: दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करा, त्यात तोटा नाही. पण दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं असेल, शिरा मिळत नसतील किंवा इमर्जन्सी असेल तर नर्सशी भांडू नका. स्वच्छ हाताने, स्वच्छ सुईने काढलेल्या रक्ताने काही होत नाही.

बांगड्या घालू नका असं मी कुणालाच सांगत नाही. साबण लावून चढवावी लागते ती बांगडी नको, सैल फिरणारा हिरवा चुडा चालतो. अंगठीचं तेच. राखी सैल बांधा. मेंदी लावा, पण पंधरा मिनिटांत काळी होणारा केमिकल कोन नको.

आणि काही गोष्टी पैसे घालवून करू नका: मालीशवालीकडून तेल लावून जोरात रगडणं, मेडिकलमधली क्रेप बँडेज स्वतःच आवळून बांधणं, कुणी सांगितला म्हणून लेप, लघवी होण्याच्या गोळ्या. सूज प्रथिनं असलेल्या द्रवाची असते, त्या गोळ्यांनी ती जात नाही. पाणी कमी प्यायल्यानेही नाही.

खुणा दिसल्या तर

ब्लाऊजची एकच बाही घट्ट, घड्याळाचा पट्टा एक भोक मागे, हात जडशीळ, अंगठ्याने दाबलं की खळगा राहतो. दोन-तीन दिवस उशीवर हात ठेवूनही हे टिकलं, तर आधी सर्जन किंवा ऑन्कॉलॉजिस्टला दाखवा, मग फिजिओला. हा क्रम मुद्दाम सांगते. एका दिवसात अचानक हात सुजला, निळसर झाला, दुखू लागला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, विशेषतः त्या बाजूला केमोचा पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजे औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी असेल तर. ती तातडीची बाब आहे. आणि कित्येक वर्षं ठीक असलेला हात एकाएकी सुजला तर काखेत आजार परतलेला नाही ना, हे तपासूनच मग मसाजकडे वळायचं.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सरचं केंद्र आहे, परळला मुख्य हॉस्पिटल. तुमचं ऑपरेशन जिथे झालं तिथलाही फिजिओथेरपी विभाग विचारा. बाहेर कुणाकडे जात असाल तर त्यांनी लिम्फेडेमाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारायला लाजू नका. या सुजेचा मसाज अगदी हलका, कातडी सरकेल एवढाच असतो. तुम्हाला दुखलं तर तो चुकीचा आहे.

सूज सुरुवातीची असेल तर बहुधा दाबाची बाही, म्हणजे स्लीव्ह, पुरते. जास्त असेल तर आधी थरांच्या पट्ट्या बांधून हात उतरवतात, मग स्लीव्ह. सूज नसताना सगळ्यांनी ती घालायची गरज नाही. ऑनलाइन एस, एम, एल बघून मागवू नका. सकाळी हात हलका असताना माप घेतात, दाबाचा वर्ग डॉक्टर किंवा फिजिओ ठरवतात. घट्ट झालेली, वरची कड गुंडाळली जाणारी स्लीव्ह दंडाला दोरीसारखी आवळते आणि खालचा हात आणखी भरतो. तळवा सुजत असेल तर सोबत हाताचा मोजा लागतो. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते. ती सकाळी घालून रात्री झोपताना काढायची, रोज साध्या साबणाने हाताने धुवायची, पिळायची नाही, सावलीत पसरून वाळवायची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती रात्रीत वाळत नाही, म्हणून सुरुवातीलाच दोन घ्या आणि आलटून पालटून वापरा. साधारण सहा महिन्यांत लवचिकपणा जातो, तेव्हा नवीन घेताना माप पुन्हा द्या.